आफताबचा देखावा

६ जुलै, रविवार

ठरलं! यंदाच्या देखाव्याची संहिता मी लिहिणार. मी, सृष्टी, जिला कालपर्यंत मंडळात ढोल वाजवायला आणि प्रसादाचे द्रोण भरायला तेवढं बोलवायचे. घरी आल्यापासून आईला तीनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं. आता कुकर लावू दे."

बैठक नेहमीसारखीच रटाळ सुरू झाली. कुणाला पुन्हा राज्याभिषेक हवा होता, कुणाला पर्यावरण. पर्यावरण म्हटल्यावर निम्मे जण चहाला उठले. तेवढ्यात मागून सुदर्शन म्हणाला, "आफताबवर करा ना." मग आमचे अध्यक्ष विश्वजीतदादा उभेच राहिले. "करायचा! आपल्या पोराचा देखावा आपण नाही करायचा तर कुणी करायचा?" आणि मग लिहिणार कोण, तर माझा हात माझ्याही आधी वर गेला होता.

आफताब म्हणजे बुधवार पेठेतल्या अमीनचाचांचा मुलगा. मंडळाची रोषणाई कायम चाचांच्या दुकानातून येते आणि देखाव्याचा पडदा आफताबची आई, बिलकिसचाची, शिवतात. आफताब शाळेत असल्यापासून मंडपाच्या खांबांवर चढून माळा बांधायचा. दोन वर्षांपूर्वी क्रेनचा इलेक्ट्रिशियन म्हणून ▬▬▬▬ मध्ये गेला. तिथे मोठं बंदर बांधतायत. एप्रिलमध्ये तिथली क्रेन कोसळली, माणसं खाली सापडली. आफताबने फोनवर ते टिपलं आणि नेटवर टाकलं. त्यानंतर दोनच दिवसांत त्याचा फोन बंद झाला, तो आजतागायत. कंपनी म्हणते तो नोकरी सोडून गेला. तिथलं सरकार म्हणतं असा अपघात झालाच नाही. आपल्या वकिलातीचं एकच उत्तर, चौकशी चालू आहे.

आता लिहायलाच बसते. उद्या ऑफिसात डुलक्या काढीन, पण आज थांबणं शक्य नाही.

(वर जे खोडलंय ते देशाचं नाव. का खोडलं ते ३ ऑगस्टला लिहिलंय.)

१३ जुलै, रविवार

बिलकिसचाचींना संहिता वाचून दाखवली. त्या यंदाचा पडदा शिवत होत्या, मरून मखमल. मशीन थांबवून त्यांनी पूर्ण ऐकलं. मी वाचताना त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, "नाव किती वेळा येतं बेटा?"

मी म्हटलं, सहा-सात वेळा येत असेल.

"वाढव."

मग त्यांनी सांगितलं. तिकडून सुटून आलेला एक सोलापूरचा फिटर त्यांना भेटून गेला. तो म्हणाला, तिथे बरेच जण आत आहेत. ज्यांच्या नावाचा बाहेर गाजावाजा झाला ते परत आले. ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही त्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. "म्हणून म्हणते, नाव घेत राहा. रोज हजारो लोक तुमचा देखावा बघतात. त्यांच्या कानावर पडू दे. अजून काही नको मला."

अमीनचाचा दारातच उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि दुकानात निघून गेले. बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच थोडी रडले. मग घरी येऊन नाव तेरा ठिकाणी घातलं. आता देखावा जबरदस्त झालाय. माझं मलाच खरं वाटत नाही.

२१ जुलै, सोमवार

ऑफिसातल्या दिल्लीच्या मुलीला जिवंत देखावा समजावता समजावता जेवणाची सुट्टी संपली. अगं, आवाज आधीच स्टुडिओत मुद्रित करायचा, कलाकारांनी रंगमंचावर ओठ हलवायचे आणि अभिनय करायचा, की झालं. पडदा पडला की दहा मिनिटांनी पुन्हा तेच, संध्याकाळभर. ती म्हणाली, "म्हणजे रील्सच की." आमच्या पेठेत हे बोलली असती तर परत गेली नसती.

काल देखाव्याची झलक नेटवर टाकली. आफताबचा निळ्या हेल्मेटमधला फोटो, खाली मोठ्ठ्या अक्षरात 'आफताब कुठे आहे?' आणि माझा आवाज. चार हजार लोकांनी पाहिलं! माझा आवाज चार हजार लोकांनी ऐकला!

२३ जुलै, बुधवार

झलक गायब. 'नियमांत बसत नाही' एवढाच निरोप आला. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. एप्रिलमध्ये एका वर्तमानपत्राच्या साइटवर आफताबची बातमी आली होती, तिची लिंक उघडली तर 'पान सापडत नाही'. त्याचं मूळ चित्रण तर केव्हाच गेलंय.

सुदर्शन म्हणतो हे कुणीतरी मुद्दाम करतंय. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, मला विचारा. मुद्दाम असं कुणी काही करत नसतं, जगातले निम्मे घोटाळे आळशी प्रोग्रॅमरमुळे होतात. बग आहे हा. तक्रार नोंदवली आहे.

२७ जुलै, रविवार

काय लिहू आणि कुठून सुरू करू! आम्ही परदेशी जातोय!!

सकाळी मंडळाच्या कार्यालयात एक बाई आल्या. निकिता नाव, राहायला बिबवेवाडीत, म्हणजे आपल्यातल्याच. आफताब गेला त्या देशाचं सांस्कृतिक केंद्र आहे, त्याच्या इथल्या समन्वयक. बोलणं इतकं गोड आणि मराठी इतकं स्वच्छ की विश्वजीतदादाही 'आपण, आपण' करायला लागले. नोव्हेंबरात त्यांच्या राजधानीत मोठा आंतरराष्ट्रीय उत्सव असतो. त्यासाठी त्यांना अस्सल पुणेरी ढोल-ताशा पथक हवंय आणि त्यांनी आमचं निवडलंय. चाळीस जण, येणंजाणं, राहणं, सगळं त्यांच्याकडे. पुण्यात एवढी पथकं असताना आमचं! मी विचारलं, आम्हालाच का? तर म्हणाल्या, "तुमच्यात काहीतरी खास आहे, आमच्या लोकांचं तुमच्याकडे फार लक्ष आहे."

त्याआधी गणेशोत्सवात त्यांचे पाहुणे आपल्या देखाव्याच्या उद्घाटनालाही येणार. निकिताताईंना माझी संहिता पाठ असल्यासारखी माहीत होती. "लेखन फार ताकदीचं आहे," म्हणाल्या. त्यांच्याकडे ती कुठून गेली ते विचारायचं राहूनच गेलं, मी इतकी खूश होते.

माझ्याकडे पासपोर्ट आहे. त्यावर एकही शिक्का नाही. आता बसेल.

३ ऑगस्ट, रविवार

निकिताताईंबरोबर पहिली बैठक. त्या आदेश वगैरे काही देत नाहीत, नुसत्या सुचवतात, आणि प्रत्येक सूचनेनंतर "शेवटी निर्णय तुमचाच" म्हणतात. मला असं काम करायला आवडतं. सूचनांना मी ऑफिससारखे नंबर दिले. उघडा बग मला रात्रभर टोचत राहतो, बंद केला की झोप लागते.

नंबर एक: देशाचं नाव नको. कलेला देश नसतो, वेदना सगळीकडे सारखीच. खरंच आहे की! उलट देखावा मोठा होतो. बंद. विश्वजीतदादा तर म्हणाले, दरवर्षी पोलिसांच्या परवानगीसाठी दोन-चार वाक्यं काढतोच आपण, त्यात काय. निकिताताई म्हणाल्या, बोलण्यातही नाव टाळायची सवय लावून घ्या, पाहुण्यांसमोर चुकून यायला नको. ही वही माझ्याबरोबर पिशवीत सरावाला जाते, म्हणून इथलंही नाव खोडून टाकलं. आता 'तिकडे' म्हणायचं. घरातल्या मोठ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं वाटतं, हसू येतं.

नंबर दोन जरा अवघड आहे. त्यावर विचार करते.

५ ऑगस्ट, मंगळवार

नंबर दोन म्हणजे आफताबचं नाव. निकिताताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सृष्टी, समज तो तिथे कुठे अडकलाय. इथे तुम्ही त्याच्या नावाने बोंब मारलीत तर राग कुणावर निघेल? त्याच्यावरच ना? शांतपणे सुटणारी गोष्ट अशाने चिघळते."

मला हा विचारच सुचला नव्हता! आपण किती बेजबाबदारपणे लिहीत होतो. रात्री नाव काढलं, तेराच्या तेरा ठिकाणांहून. 'निळ्या हेल्मेटवाला' केलं. ऐकायलाही छान लागतं, गूढ.

बिलकिसचाचींना सांगायला हवं. पण त्या उगाच काळजी करतील. उद्घाटनाला सगळं एकदमच दाखवू.

१० ऑगस्ट, रविवार

नदीपात्रात सराव. आजच्यासारखा ढोल मी आयुष्यात वाजवला नव्हता. तिकडे वाजवायची चाल नवीन बसवली आहे, शेवटच्या आवर्तनात सगळे ढोल थांबतात आणि ताशा एकटा धावतो, मग आम्ही सगळे मिळून त्याच्यावर कोसळतो. पुलावरचे लोक थांबून बघत होते. दंड सुजलेत, हाताला फोड आलेत, आणि मला अजून नाचावंसं वाटतंय.

सरावानंतर सगळ्यांनी व्हिसाचे अर्ज भरले. त्यात आपली सगळी खाती लिहायची आणि 'यजमान देशाबद्दल अपप्रचार' केलेला नाही असं कबूल करायचं. मी झलकेची जुनी पोस्ट काढून टाकली. तशीही ती कुणाला दिसतच नव्हती. बाकीच्यांनीही आफताबबद्दलचं जे जे होतं ते पुसलं. सुदर्शनने अर्जच घेतला नाही. "माहा पासपोर्ट नाही," म्हणाला. आहे. मी पाहिलाय.

१७ ऑगस्ट, रविवार

तालमीत सुदर्शनशी वाजलं. सुदर्शन अमरावतीकडचा, चाकणला कारखान्यात आहे. आयटीआयपासून आफताबचा जिगरी, म्हणून नायक तोच. नवी संहिता वाचून तो खालीच बसला.

"नाव काहून काढलं?"

मी म्हटलं, त्याच्या सुरक्षेसाठी. नंबर दोन.

"नंबर दोन? त्याचं नाव काय बग होय का?"

मी त्याला शांतपणे समजावलं. तो ऐकत राहिला. मग पुढचं पान उलटून म्हणाला, "आन् हे क्रेनचं?" तीन नंबर. क्रेनऐवजी वादळ आणलंय. वादळ दृश्यात्मक आहे, पंखे आणि निळे दिवे लावले की रंगमंच भरून जातो. "आन् फोनवर चित्रण करते ते?" चार नंबर. आता तो फोनवर आईशी बोलतो, भावना तीच. "आन् शेवटी आई लोकायले इचारते, माहा पोरगा कुठी हाय, ते?" पाच नंबर. आता शेवटी दोन्ही देशांची मुलं हातात हात घालून नाचतात आणि तो हसत हात हलवतो.

सुदर्शन म्हणाला, "ओठच हालवायचे हायेत तं हालवतो. कोनाचेबी."

त्याचा टोमणा मला कळला नाही असं दाखवलं. एकेका सूचनेकडे वेगळं बघितलं तर प्रत्येक बरोबर वाटते. मी पुन्हा पुन्हा तपासलंय. टेस्टरचं काम तेच असतं. तरी रात्री जेवताना घास गिळेना. उन्हातान्हात सराव करून पित्त झालं असेल.

२४ ऑगस्ट, रविवार

ध्वनिमुद्रण झालं! निवेदन माझ्या आवाजात. स्टुडिओतला माणूस म्हणाला, तुमच्या आवाजात धार आहे. कानाला ते मोठे काळे हेडफोन लावून मी स्वतःला ऐकत होते आणि अंगावर काटा येत होता.

संध्याकाळी माळा आणायला अमीनचाचांकडे गेले. दुकान अर्धं रिकामं. त्यांचा माल तिकडूनच येतो, तो गेले दोन महिने बंदरात अडकलाय, कागद पूर्ण असूनही. सणासुदीला गर्दी असते, होतं असं. पुरवठा करणारा फोनवर हसून म्हणाला म्हणे, घरातलं वातावरण शांत ठेवा, माल येईल. काहीतरीच बोलतात लोक. चाचांनी होतं नव्हतं ते सगळं आम्हाला दिलं. मग विचारलं, "सृष्टी, देखाव्यात नाव आहे ना त्याचं?"

मी म्हटलं, "चाचा, बघाच तुम्ही."

मला वाटलं होतं त्यांना नाव असावंसं वाटतंय. पण चेहऱ्यावरून नसावंसंच वाटत होतं की काय कुणास ठाऊक. दोन्ही एकदम वाटू शकतं का माणसाला?

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले! मिरवणुकीत सलग वाजवलं, आवाज बसलाय, उभं राहवत नाही. मंडपाबाहेर विश्वजीतदादांनी पाटी लावली आहे: 'देखावा चालू असताना प्रश्न विचारू नयेत. उत्तर माहीत असते तर आम्ही देखावा केला नसता.' झोपते.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळ

काल उद्घाटन झालं. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून व्हायचं नाही.

पाहुणे आले, पाच जण. त्यांना फेटे बांधले, मी स्वतः ओवाळलं. निकिताताई पैठणीत आल्या होत्या. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसऱ्या रांगेत बिलकिसचाची आणि अमीनचाचा. चाचींनी ठेवणीतला दुपट्टा घेतला होता. त्यांनी शिवलेला पडदा वर गेला आणि समोरची गर्दी 'वाऽऽ' म्हणाली. वादळ मस्त जमलं. सुदर्शनने काम चोख केलं, शेवटी हसला, हात हलवला. पाहुणे उभं राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्यातल्या प्रमुखांनी माझा हात हातात घेऊन दाबला. माझा आनंद पोटात मावत नव्हता, खरंच सांगते. नंतर विश्वजीतदादा त्या सगळ्यांना चहाला कार्यालयात घेऊन गेले.

अमीनचाचा उठून दुकानाकडे गेले. चाची मात्र बसूनच राहिल्या. दुसरा प्रयोग झाला. त्या बघत होत्या. तिसरा सुरू झाला तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, कौतुक ऐकायला. हो, कौतुक ऐकायलाच.

प्रयोग संपला. चाची माझ्याकडे वळल्या आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बेटा, यातला आमचा आफताब कुठला?"

मी म्हटलं, "तो काय, निळ्या हेल्मेटवाला."

"तो तर सुदर्शन आहे."

"हो, पण तो आफताबचं काम करतोय, चाची."

"मग त्याला आफताब का नाही म्हणत कुणी?"

मी माझी सगळी उत्तरं सांगितली. त्याच्या सुरक्षेसाठी. कलेला देश नसतो. भावना तीच आहे. एक, दोन, तीन, चार, पाच. तोच आवाज, ज्याला धार आहे. सांगता सांगता मला ऐकू आलं की यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळं कुणीतरी माझ्या तोंडात मुद्रित करून ठेवलंय आणि मी ओठ हलवतेय.

चाची रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मला का नाही विचारलं?"

याला माझ्याकडे नंबर नव्हता.

मंडपाच्या कडेला मदत केंद्राचं टेबल असतं, तिथून बजरंगकाका दोन प्रयोगांच्या मध्ये हरवलेल्या माणसांची नावं पुकारतात. मी लहान होते तेव्हापासून तेच पुकारतात. काल इंदापूरच्या एक आजी चुकल्या होत्या. "सुंदराबाई, वय सत्तर, अंगावर हिरवं नऊवारी लुगडं, जिथे असतील तिथून मंडळाच्या मंडपाशी यावं, त्यांची मुलगी वाट पाहत आहे." पुढच्या चौकातल्या मंडळाने तेच पुकारलं, मग त्यापुढच्याने. एकाने पुकारलं की पुढचा पुकारतोच. थोड्या वेळाने आजी एका हवालदाराबरोबर आल्या, वर मुलीलाच ओरडल्या, "कुठे हरवली होतीस गं?"

बिलकिसचाची उठल्या आणि त्या टेबलाशी गेल्या. मी मागे धावले.

"बजरंगभाऊ, माझा मुलगा हरवलाय."

काकांनी वर पाहिलं. ते चाचींना चांगले ओळखतात. आफताबला खांबावरून उतर म्हणून तेच किती वेळा ओरडलेत. पण काकांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली आणि सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं. "नाव?"

"आफताब अमीन शेख."

"वय?"

"सत्तावीस."

"अंगावर काय होतं?"

चाचींनी डोळे मिटून घेतले. "निळं हेल्मेट. केशरी जाकीट. डाव्या हाताला भाजल्याची खूण, लहानपणची."

"शेवटचा कुठे दिसला?"

चाचींनी देशाचं नाव सांगितलं, बंदराचं सांगितलं, क्रेनचंही. काकांनी ते जसंच्या तसं लिहिलं. चिठ्ठी उचलली, चष्मा लावला, आणि मग चष्मा काढून चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "माझा घसा बसलाय. तू वाच."

त्यांचा घसा ठणठणीत होता.

कार्यालयाच्या दारात विश्वजीतदादा आले होते. त्यांनी मला माइक घेताना पाहिलं आणि दोन्ही हातांनी 'नको' केलं. त्यांच्यामागे निकिताताई होत्या, हातात चहाचा कप. माझ्या डोक्यात काय काय आलं ते खरं लिहिते: नोव्हेंबर आला, चाळीस जणांची तोंडं आली, पासपोर्टावरचा न बसलेला शिक्का आला, ताशा एकटा धावतो ती जागा आली. मग चाचींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, कर्ण्याकडे बघत होत्या.

मी वाचलं. "आफताब अमीन शेख, वय सत्तावीस. निळं हेल्मेट, केशरी जाकीट, डाव्या हातावर भाजल्याची खूण." पुढे देशाचं नाव वाचताना आवाज चिरकला, म्हणून ते पुन्हा वाचलं, नीट. "तिथल्या बंदरावर क्रेन कोसळली. ते याने जगाला दाखवलं. तेव्हापासून याचा पत्ता नाही. ज्यांनी याला ठेवलं असेल त्यांनी मंडळाच्या मंडपाशी आणून सोडावं. याची आई इथे वाट पाहत आहे."

मग रंगमंचावरून सुदर्शन ओरडला, अगदी त्याच्या खऱ्या आवाजात, "आफताब!" आणि पुढच्या चौकातला कर्णा खरखरला. तिथल्या माणसाला हे काय आहे ते ठाऊकही नसेल, पण त्याने पुकारलं. "आफताब अमीन शेख, वय सत्तावीस..." मग त्याच्या पुढच्याने. नाव लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने गेलं, पार ऐकू येईनासं होईपर्यंत.

चाची टेबलाशेजारच्या खुर्चीत बसल्या. हरवलेल्यांची माणसं तिथेच बसतात.

पाहुणे मागच्या गल्लीतून गेले. निकिताताईंनी मला एवढंच सांगितलं, "तुम्ही फार मोठी चूक केलीत," आणि या वेळी "निर्णय तुमचाच" म्हणाल्या नाहीत. दौरा रद्द झाल्याचा निरोप आमच्या गटावर आला, माझा व्हिसा नाकारल्याचा वेगळा. पथकातली तिघं-चौघं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं काय चुकलं? रात्री मी घरी येऊन भरपूर रडले, आणि मग इतकी भूक लागली की गारढोण पोळ्या खाल्ल्या. पित्तबित्त काही नव्हतं.

३१ ऑगस्ट, संध्याकाळ

मंडपातच लिहितेय, पायरीवर बसून.

सकाळी विश्वजीतदादांनी मला बोलावलं. ओरडतील वाटलं होतं. ते पानाचं देठ चावत बसले होते. मग बजरंगकाकांना म्हणाले, "काका, एकदा पुकारलं, झालं. आता किती दिवस पुकारणार?"

काका म्हणाले, "सापडेपर्यंत. सुंदराबाईंच्या वेळी विचारलं होतंस?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती तुझी पहिली संहिता आहे का गं कुठे? नाव असलेली?" आहे. उद्या स्टुडिओ मिळतोय. तोवर देखावा बंद, पडदा पाडून ठेवलाय, आणि दर अर्ध्या तासाने पुकारतोय. हा प्रकार काय आहे ते बघायलाच आज कालच्या दुप्पट गर्दी आहे. लोक फोन वर धरून टिपतायत. ते पुसलं जाईलच, पण माणसं किती आणि कान किती!

पाच वाजता पुकारायची माझी पाळी सुरू झाली. चाची माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. आज अमीनचाचाही आले, दुकान बंद करून. त्यांनी स्वतःसाठी खुर्ची ओढली आणि चाचींच्या शेजारी बसले. मी चिठ्ठी उचलली, माइक सुरू केला, तर चाचींनी माझा हात धरला.

"थांब बेटा. वय बदल. आज अठ्ठावीस झाला."